माणसाच्या सुखाचा हिशेब मांडणारा लेखापाल



सेवाग्रामला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. शाळेची सहल म्हणून म्हणा, नाहीतर वर्ध्याला नातेवाइकाकडे गेलो तेव्हा म्हणा. यवतमाळहून कळंब-देवळी मार्गे वर्धा काही लांब नाही. बापूकुटी पाहायची, झाडाखाली दोन घटका बसायचं आणि परतीची एस.टी. धरायची, असा आपला रिवाज. पण वर्धा शहरातच मगनवाडी नावाची एक जागा आहे. तिथे मगन संग्रहालय आहे. तिकडे मात्र फार थोड्यांची पावलं वळतात. या मगनवाडीत एका माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा. मोठे अर्थशास्त्री म्हणून त्यांचे नाव पुस्तकांत येते, पण ज्या वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर बसून त्यांनी काम केले, त्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ते फारसे माहीत नाहीत.

आज त्यांची आठवण काढायचे कारण सांगतो. आपल्याकडे दरवर्षी गावाची पैसेवारी निघते. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावात चर्चा होते, निवेदने दिली जातात. पीक कापणी प्रयोगात आम्ही शेताचा एक तुकडा आखून त्यातला माल तोलतो. किती क्विंटल, किती हेक्टर, किती रुपये, हे सगळे कागदावर येते. पण त्या घरातला माणूस बरा आहे का? हाताला काम आहे का, आणि त्या कामात त्याचा जीव रमतो का? याचा रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही. हा रकाना असला पाहिजे, असे ज्यांनी सुमारे नव्वद वर्षांपूर्वी ओळखले आणि त्यासाठी खेडोपाडी हिंडून मोजमाप केले, ते हे कुमारप्पा.

लंडनचा हिशेबनीस

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर इथला. घराणे ख्रिस्ती, सुखवस्तू. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला. घरातले नाव जोसेफ चेल्लादुरै कॉर्नेलियस. पुढे त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडले आणि कुमारप्पा हे घराण्यातले जुने तमिळ नाव घेतले. शिक्षणासाठी ते लंडनला गेले, तिथे हिशेब तपासनिसाची परीक्षा पास झाले आणि काही काळ तिथेच काम केले. १९१९ साली परत येऊन त्यांनी मुंबईत लेखापालाचा धंदा थाटला. धंदा चांगला चालला. राहणी पूर्ण साहेबी होती.

१९२७ साली ते अमेरिकेला गेले. आधी सिराक्यूज विद्यापीठात आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. याच कोलंबियात डॉ. बाबासाहेब आंबेडकर काही वर्षे आधी शिकून गेले होते, आणि प्राध्यापक सेलिग्मन हे दोघांचेही गुरू. सरकारी जमाखर्च हा अभ्यासाचा विषय घेतला आणि कुमारप्पांचे डोळे उघडले. हिंदुस्थानचे दारिद्र्य हे नशिबाने आलेले नसून सरकार कर कुठून गोळा करते आणि तो कुठे खर्च करते याच्याशी त्याचा संबंध आहे, हे त्यांना आकड्यांतून दिसले. हिशेबाची वही वाचणारा माणूस देशाची वही वाचू लागला.

देशात परतल्यावर हा प्रबंध गांधीजींना दाखवावा असे ठरले. ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला पोचले. अंगावर रेशमी सूट, हातात काठी. वाटेत झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा चरखा चालवत बसला होता. भेटीच्या वेळेला अवकाश होता म्हणून कुमारप्पा तिथेच बघत उभे राहिले. वेळ झाली तेव्हा त्या म्हाताऱ्यानेच विचारले की कुमारप्पा आपणच का. ते गांधीजी होते. कुमारप्पा आपल्या सुटासकट खाली जमिनीवर बसले. पुढे त्यांचा प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमाक्रमाने छापून आला आणि मुंबईचा धंदा मागे पडला.

मातर तालुक्यातली ५४ गावे

गांधीजींनी त्यांना पहिले काम दिले ते पाहणीचे. गुजरातेत खेडा जिल्ह्यात मातर नावाचा तालुका आहे. शेतसाऱ्याचा बोजा आणि पडते पीक यांनी तिथला शेतकरी पिचला होता. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. गुजरात विद्यापीठातले विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी ५४ गावे पालथी घातली. जमीन किती, बैल किती, कर्ज किती, घरात काय शिजते, माल कोण विकतो आणि कोणत्या भावाने, असे सगळे विचारले. १९३१ साली ही पाहणी पुस्तकरूपाने निघाली.

आमच्यासारख्यांना आज ही गोष्ट साधी वाटते, कारण फॉर्म भरणे हा आमचा रोजचाच धंदा. पण फरक बघा. सरकारी पाहणीत तेव्हा प्रश्न एकच असे, की या जमिनीवर सारा किती बसवता येईल. कुमारप्पांनी तीच जमीन घेतली आणि प्रश्न उलटा केला. सारा भरल्यावर शेतकऱ्याच्या घरात जगण्यापुरते उरते का? शेताचा नफा-तोटा काढताना घरच्या माणसांची मजुरी आणि बैलांचा चारा धरला तर हाती काय राहते? मोजणारा कोणाच्या बाजूला उभा आहे, यावर आकडा काय बोलेल ते ठरते. हे मातरने दाखवून दिले.

मधल्या काळात मिठाचा सत्याग्रह झाला. गांधीजी तुरुंगात गेले तेव्हा ‘यंग इंडिया’चे संपादन कुमारप्पांनी केले आणि त्यापायी तुरुंगवासही भोगला. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. राजेंद्रबाबूंच्या मदत समितीचे हिशेब त्यांच्याकडे आले. पैशाच्या बाबतीत हा माणूस इतका कडक, की खुद्द गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा खर्चही मदत निधीतून करायला त्यांनी नकार दिला, असे सांगतात. गांधीजींना याचा राग आला नाही. उलट अशा माणसाच्या हाती मोठे काम द्यावे, असेच त्यांना वाटले असावे.

मगनवाडीचा कारभार

कारण त्याच वर्षी, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि तो चालवायला कुमारप्पाच आले. जमनालाल बजाजांनी आपला बंगला आणि जमीन दिली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते, त्यांच्या नावावरून जागेला मगनवाडी म्हणू लागले. गांधीजी स्वतः आधी इथेच राहिले आणि १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले.

मगनवाडीत काय चालायचे? तेलाची घाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, ताडगूळ, साबण. घाणीत सुधारणा करून कमी बैलशक्तीत जास्त तेल कसे निघेल याचे प्रयोग झाले. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगनदीप तयार झाला. गावोगावचे कार्यकर्ते इथे येऊन शिकत आणि परत गावाला जात. ‘ग्रामोद्योग पत्रिका’ नावाचे मासिक निघे.

ही सगळी जुनी खटपट आज कशाला, असे कोणाला वाटेल. पण तेलाचेच उदाहरण घ्या. गावचा भुईमूग, जवस, तीळ गावच्याच घाणीवर गेला तर तेल घरात येते, ढेप बैलाला जाते, शेण शेताला जाते आणि तेल्याच्या घरची चूल पेटते. तोच माल बाहेर गेला तर गावात फक्त रोख रक्कम येते. ती रक्कम तेलाचा डबा आणि ढेपेचं पोतं विकत आणायला पुन्हा बाहेर जाते. आपल्या सरकीचं आज नेमकं हेच होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. कापसाचे पैसे झाले एवढेच आपण लिहून ठेवतो. सरकीबरोबर गावातून किती दूध, किती खत आणि किती मजुरी निघून गेली, ते कोणी लिहीत नाही. कुमारप्पा ते लिहीत.

१९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने प्रांतातल्या उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली आणि अध्यक्षपद कुमारप्पांना दिले. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. मातरला ५४ गावे होती, इथे सहाशेच्या वर खेड्यांची माहिती गोळा झाली. पहिला अहवाल १९३९ साली आला. प्रांताचा विकास मोजताना किती कारखाने उभे राहिले हे न बघता खेड्यातल्या माणसाच्या हाताला गावातच काम मिळाले का, कच्चा माल गावातच पक्का झाला का, हे बघा, असा त्याचा एकूण रोख होता. नंतर युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळे गेली आणि अहवाल कपाटात राहिला. राष्ट्रीय नियोजन समितीवरही कुमारप्पांना घेतले होते, पण तिथली दिशा पटेना म्हणून ते लवकरच बाहेर पडले.

काम म्हणजे अन्न

१९४२ साली युद्धासाठी सरकार भरमसाट नोटा छापत होते. त्यावर कुमारप्पांनी टीका केली आणि ‘छोडो भारत’च्या काळात त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो ‘टिकाऊ अर्थव्यवस्था’. १९४५ साली तब्येत ढासळल्यामुळे ते सुटले. गांधीजींनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि गमतीने त्यांना ग्रामोद्योगाचा डॉक्टर ही पदवी देऊन टाकली.

या पुस्तकातला विचार शेतकऱ्याला चटकन कळेल असा आहे, कारण उदाहरणे रानातली आहेत. वाघ दुसऱ्याला मारून जगतो. माकड झाड लावत नाही, नुसती फळं ओरबाडतं. पक्षी स्वतः कष्ट करून घरटं बांधतो. मधमाशी पोळ्यासाठी, सगळ्यांसाठी राबते. आणि पिलाला भरवणारी पक्षीण बदल्यात काहीच मागत नाही. माणसाचे व्यवहारही असेच पाच पायऱ्यांचे आहेत, असे ते म्हणत. धंदा किती मोठा यापेक्षा तो कोणत्या पायरीवर आहे हे त्यांना महत्त्वाचे वाटे.

दुसरा मुद्दा राहणीमानाचा. ज्याच्या घरी वस्तू जास्त त्याचे राहणीमान उंच, असे आपण सर्रास म्हणतो. कुमारप्पांना हे मान्य नव्हते. वस्तू जास्त असल्या तर राहणी गुंतागुंतीची झाली म्हणा आणि कमी असल्या तर साधी म्हणा. उंच की खालची हे माणसाच्या गुणांची वाढ किती झाली यावर ठरवा, असे त्यांचे सांगणे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो कामाचा. शरीराला जसे अन्न, तसे माणसाच्या मनाला आणि बुद्धीला काम, असे त्यांनी मांडले. कामात कष्ट असतात, तेच तेच करण्याचा कंटाळा असतो. पण त्याच कामात शिकणे असते, हातचे काही तरी घडवल्याचे समाधान असते. दोन्ही भाग एकत्र असले तरच काम अंगी लागते. गिरणीत तांदूळ पांढरा करताना कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर सत्त्वही जाते. कामाचे तुकडे पाडून एका माणसाला जन्मभर एकच तुकडा दिला की कामाचेही तसेच होते. मजुरी मिळते, पोट भरते, पण माणूस आतून उपाशी राहतो. आणि ज्याला कामच मिळत नाही, तो तर दोन्हीकडून उपाशी. पुढे इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ शूमाखर यांनी आपल्या लेखनात कुमारप्पांच्या या विचाराचा दाखला दिला आणि १९७३ सालच्या ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकातून तो जगभर पोचला. वर्ध्याचा विचार असा लंडनला जाऊन आला, यवतमाळला मात्र पोचायचा राहिला.

जमीन आणि अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने जमीन सुधारणेसाठी समिती नेमली, तिचेही अध्यक्ष कुमारप्पाच. कसणाऱ्याच्या हाती जमीन, मधले दलाल नकोत आणि धारणेला कमाल मर्यादा हवी, असा १९४९ सालचा तो अहवाल. नंतर त्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोह इथे पन्नई आश्रम काढला. तमिळमध्ये पन्नई म्हणजे शेतमळा. तिथे त्यांनी स्वतः शेतीचे प्रयोग केले. एखाद्या भागातल्या लोकांना समतोल आहार मिळायला धान्याखाली किती जमीन हवी, डाळीखाली किती, तेलबिया आणि भाजीपाला किती, आणि अंगावरच्या कपड्यापुरता कापूस किती, याचे कोष्टक त्यांनी आधीच मांडले होते. आधी ताट भरा आणि मग बाजाराकडे बघा, हा त्याचा अर्थ.

रक्तदाबाचा विकार बळावल्यावर ते मदुराईजवळ टी. कल्लुपट्टीच्या गांधीनिकेतन आश्रमात जाऊन एका झोपडीत राहिले. लग्न केले नव्हते, मालमत्ता ठेवली नव्हती. त्या झोपडीत एका गरीब शेतकऱ्याचे चित्र लावलेले असे. गांधीजी माझे गुरू, आणि हा माझ्या गुरूचा गुरू, असे ते पाहुण्यांना सांगत. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या पुण्यतिथीचाच तो दिवस.

सगळेच पटते असे नाही

आता थोडे स्पष्ट बोलतो. कुमारप्पांचा ट्रॅक्टरला विरोध होता, रासायनिक खतालाही होता. मी कृषी खात्याचा माणूस. माती परीक्षण करून मोजके खत द्या, असे मी शिवारात सांगत फिरतो आणि ते सांगणे सोडणार नाही. कोरडवाहू जमिनीत नुसत्या शेणखतावर आजच्या गरजेइतके पीक निघणार नाही, शिवाय तेवढी जनावरे आता गोठ्यात राहिलीत कुठे? दुसरे असे, की जाते आणि उखळ हे ग्रामोद्योग खरे, पण पहाटे उठून दळण-कांडण कोणाच्या वाट्याला यायचे? आपल्या आईच्या, आजीच्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांचा जीव सुटला. त्या कामात समाधान किती आणि पिळवणूक किती, हे त्यांनाच विचारायला हवे होते.

पण त्यांचा मूळ प्रश्न जुना झालेला नाही. जगाने तो उशिरा का होईना उचलला. १९९० पासून संयुक्त राष्ट्रे उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण धरून मानव विकास निर्देशांक काढतात. महाराष्ट्राचा असा अहवाल २००२ साली निघाला तेव्हा आपला यवतमाळ तळाकडच्या जिल्ह्यांत होता. भूतान देश जनतेचे समाधानही मोजतो. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, बावीस ठिकाणच्या दोन लाखांवर माणसांना आयुष्य कसे चालले आहे हे विचारून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष आले. आपला देशही त्यात आहे. जगण्याला अर्थ वाटतो का, नाती कशी आहेत, असेही प्रश्न त्यात होते. श्रीमंत देश यात पुढे असतीलच असे दिसले नाही. पहिला आला इंडोनेशिया.

आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न जिवाचा आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने एकत्र जीवन संपवले. तेव्हापासून किती घरे उघडी पडली, हे आपण बघत आलो. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यात आपण होतो. त्यानंतर कर्जमाफ्या झाल्या. त्या लागतातच, त्याला पर्याय नाही. पण घरातला कर्ता गेल्यावर आपण काय मोजतो? सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, प्रकरण पात्र की अपात्र. तो माणूस गेल्या वर्षभर कोणाशी बोलला, कापूस वेचणी संपल्यापासून मृगापर्यंत त्याच्या हाताला काय काम होते, आपल्या शेतीबद्दल त्याला अभिमान वाटत होता की लाज, हे कोणी आधी मोजले असते तर कदाचित वेळेत दिसले असते. रोजगार हमीतही आपण मनुष्यदिवस मोजतो. त्या दिवसांत माणूस काय शिकला, काय घडले, तो रकाना कोराच.

घरच्या वहीत चार रकाने

तेव्हा वाचकहो, माझी एक विनंती आहे. सरकार जेव्हा मोजेल तेव्हा मोजेल. यंदा पुढच्या खरिपाचे नियोजन करायला बसाल, तेव्हा बियाणे-खताच्या खर्चाशेजारी आणखी चार रकाने पाडा. पहिला, आपल्या शेतातले आपल्या ताटात काय आले. दुसरा, घरच्या प्रत्येक माणसाला वर्षातून किती महिने काम होते आणि किती महिने हात रिकामे गेले. तिसरा, जे विकले त्यातले काय गावातच पक्के करता आले असते, मग ती डाळ असो, तेल असो की ढेप. चौथा, कोणते काम मनापासून केले आणि कोणते नुसते ओढले. हा चौथा रकाना बायकोला आणि पोरांनाही भरू द्या, एकट्याने भरू नका.

एखाद्या रकान्यात काही वाईट दिसले, घरातला माणूस गप्प-गप्प राहायला लागला असे जाणवले, तर ते लपवू नका. शेजाऱ्याला सांगा, सरपंचाला सांगा, गावात येणाऱ्या आशाताईंना किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला सांगा, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. हिशेब वेळेवर मांडला तरच कामाचा.

आणि पुढच्या वेळी सेवाग्रामला गेलात तर परतताना तासभर काढून मगनवाडीला जरूर जाऊन या. मुलांनाही सोबत न्या.